हात पुढे करणारा ऑक्टोपस

घडीबाईंना मुलं आवडत नसत. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नव्हती, पण ऐकणाऱ्याला ती थट्टाच वाटायची. कारण बाईंचं निम्मं आयुष्य मुलांची पुस्तकं करण्यात गेलं होतं. तीही साधीसुधी नव्हेत. पान उघडलं की आतून काहीतरी उठून उभं राहतं, तसली. प्रकाशनातले लोक त्यांना पॉप-अप म्हणत, बाई 'उभी पुस्तकं' म्हणत. चित्रं काढणारी वेगळी होती, मजकूर लिहिणारे वेगळे होते. पण सपाट कागदातून मासा वर कसा यायचा आणि पुस्तक मिटताना त्याने शेपटीसकट मुकाट्याने आत कसं जायचं, हे ठरवणं बाईंचं काम. त्यावरूनच त्यांना घडीबाई हे नाव पडलं आणि चिकटलं. खरं नाव विचारलं तर नव्या माणसाला जुनी माणसंही पटकन सांगू शकली नसती.

"मुलं म्हणजे कागदाची दुश्मन," त्या म्हणायच्या. "त्यापेक्षा वाळवी परवडली. ती निदान आरडाओरडा न करता खाते."

त्या सकाळी बाई कामाच्या खोलीत शिरल्या तेव्हा टेबलावर दुकानांतून परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा पडलेला होता. खोली लहान, पण उजेडाची. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर कापाकापीची हिरवी चटई, पोलादी पट्टी, कटर, आणि घडी दाबायला हाडाची एक गुळगुळीत सुरी. भिंतीवर दोरी बांधून तिला चिमट्यांनी अर्धवट मासे लटकवलेले. बाईंनी पर्स खुंटीला अडकवली, चष्मा पुसला आणि पहिलं पुस्तक उघडलं.

पुस्तक खोल समुद्राचं होतं. पानामागून पान समुद्र अंधारत जायचा, आणि मधल्या पानावर ऑक्टोपस बसलेला असायचा. म्हणजे असायला हवा होता. बाईंनी पान उघडलं तर तो उठला खरा, पण त्याचा पुढचा हात मुळापासून उपटलेला. दुसऱ्या पुस्तकात तेच. तिसऱ्यात कोणीतरी तो हात जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने परत बसवला होता. चौथ्यात सुईदोऱ्याने शिवला होता, आणि टाके बघता शिवणारी आई घाईत असावी. पाचव्यात च्युइंगगम होतं.

"च्युइंगगम!" बाई एकट्याच मोठ्याने म्हणाल्या. "एवढा जीव आटवून केलेलं पान, त्याला थुंकी लावलेलं च्युइंगगम!"

गंमत म्हणजे, बाईंना ती गंमत अजिबात वाटत नव्हती तरी, सगळ्या पुस्तकांत हात एकच तुटला होता. बाकीचे सात शाबूत. पुढचा, वाचणाऱ्याच्या बाजूला वळलेला हात तेवढा गायब.

बाईंना मुळात समुद्राचंच प्रेम नव्हतं. तो त्यांनी दोनदा पाहिला होता. पहिल्यांदा चपलेत वाळू गेली आणि दुसऱ्यांदा होडीत मळमळलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की समुद्र पुस्तकातलाच बरा, तो मिटून ठेवता येतो. पण प्रकाशनाच्या मालकांनी समुद्राची मालिका काढायची ठरवली आणि बाईंच्या मागे तो खारा संसार लागला. आधी प्रवाळाचं पुस्तक झालं, मग देवमाशाचं. दोन्ही चालली. त्यांतही थोडंफार फाटायचं, पण रीतसर, इकडे एक कल्ला, तिकडे एक शेपूट. एकाच जागी असं ठरवून केल्यासारखं कधी नाही.

दारात मालक येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना कल्पना सुचायच्या.

"बाई, एक विचारू? रागावू नका."

"विचारा. राग यायचा तो आलेलाच आहे."

"आपण ऑक्टोपसला सातच हात ठेवले तर?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग देवमाशाचीही शेपटी काढू या. तीही धरता येते. कासवाला पाठ कशाला? आणि पानं तरी कशाला, पुठ्ठा विका नुसता. पुठ्ठा फाटत नाही."

मालक निमूट गेले. थोड्या वेळाने विक्रीचं बघणारे गृहस्थ आले. पुस्तकावर एक स्टिकर लावावा असं त्यांनी सुचवलं, 'मोठ्यांच्या देखरेखीखाली वाचावे'. स्टिकर छापले, लावलेही. पुढच्या गठ्ठ्यात एका पुस्तकावरचा स्टिकर सोलून ऑक्टोपसच्या कपाळावर नीट मधोमध चिकटवलेला होता. हात अर्थातच नव्हता.

मग बाईंनी कंबर कसली. कागदावर खापर फोडायला जागाच नव्हती. कागद त्यांनीच मालकांशी भांडून हवा तसा जाड घेतला होता. त्यांनी हाताच्या मुळाशी अस्तर दिलं, खाचेत जाणारी जीभ रुंद केली, गोंद बदलला. लांब टेबलाशी बसून पुस्तकं जुळवणाऱ्या बायकांना शेजारी बसून शिकवलं. "हा हात आता हत्ती ओढेल तरी निघायचा नाही," त्या म्हणाल्या. नव्या छपाईची पुस्तकं बाजारात गेली. ती परत आली तेव्हा कळलं, की हात खरंच निघत नव्हता. तो आता पान घेऊन येत होता.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती आग घेऊन त्या घरी आल्या, आणि घरी वन्सं होत्या.

वन्सं म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. भाऊ गेला तेव्हा त्या भेटायला म्हणून आल्या आणि राहिल्याच. दोघींनी एकमेकींना कधी निवडलं नव्हतं. मधला माणूस निघून गेला आणि त्याच्या दोन बाजूच्या दोन बायका एका लहानशा घरात समोरासमोर उरल्या, एवढंच. त्यातून वन्सं जन्मभर बालवाडीत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यामुळे समोरचा माणूस चार वर्षांचा आहे असं धरूनच त्या बोलत. दूधवाल्याला विचारत, "पाय पुसलेस का?" डॉक्टरांना म्हणत, "शाब्बास!" आणि भावजय ऑफिसातून दमून आली की पहिला प्रश्न, "हात धुतले?"

"धुतले," घडीबाई म्हणाल्या. "आणि तुमच्या त्या मुलांच्या नावानेही धुतले."

"माझ्या कुठल्या मुलांच्या?"

"सगळी मुलं तुमचीच. पान फाडलं! आता पानच फाडलं! काय घोडं मारलंय हो मी त्यांचं?"

वन्संनी चहाचा कप पुढे ठेवला. "अगं, मुलं कशाला हात लावतात ते उगाच नाही लावत."

"उगाच नाही म्हणजे? खोडसाळपणा करायला लावतात."

"तू कधी बघितलंयस का?"

"काय?"

"मूल. तुझं पुस्तक वाचताना."

घडीबाईंनी नुसताच चहाचा घोट घेतला. त्यांनी बघितलेलं नव्हतं. आणि बघण्याची त्यांना गरजही कधी वाटली नव्हती. पूर्वी खोक्यांच्या कारखान्यात त्या औषधांची, बुटांची, बल्बची खोकी आखत असत, तेव्हा तरी कोणी औषध खाताना बघायला कुठे गेलं होतं? खोकं नीट मिटलं की काम झालं. पुढे नवरा प्रकाशनात मुद्रितं तपासायला लागला. तिथे एकदा मालक हळहळत होते, उभं पुस्तक करणारं माणूसच मिळत नाही म्हणून. नवरा त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, "आमच्या घरी एक आहे." तेव्हापासून बाई या कामात. पण मनाने त्या अजून खोकीच करत होत्या. फरक एवढाच, की हल्ली खोक्यात मासे होते.

"उद्या चल माझ्या शाळेत," वन्सं म्हणाल्या.

"मुळीच नाही."

"मी मोठ्या बाईंना सांगितलंय, तू येणार म्हणून."

"कधी सांगितलंत?"

"मगाशी, तू यायच्या आधी. फोन केला. मुलांना सांगणार आहेत त्या, पुस्तक करणारी आजी येणार आहे."

"आजी!" घडीबाईंच्या हातातला चहा हिंदकळला. "वन्सं, तुम्ही मला विचारायचं तरी होतंत!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," वन्सं म्हणाल्या, आणि कपबशी विसळायला निघून गेल्या. घडीबाईंनी हात टेकले.

बालवाडीची खोली लांबट होती. एका भिंतीला बुटक्या खुंट्या, त्यावर बुटकी दप्तरं. जमिनीवर सतरंजी, आणि बसायला घडीबाईंच्या वाट्याला आलेली खुर्ची इतकी लहान, की गुडघे हनुवटीला लागायला आले. समोर मुलं येऊन बसली. कोणाचं नाक वाहत होतं, कोणाच्या बुटाचे बंद सुटले होते. सगळ्यांचे हात, बाईंच्या नजरेतून, चिकट होते.

"हात मागे," घडीबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी हात मागे घ्यायचे. पुस्तकाला कोणी हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

मुलांनी हात मागे घेतले. बाईंनी पुस्तक वाचून दाखवलं. पानं त्यांनी अशी उलटली, की एक घडी चुरगळली नाही. मुलं अगदी शहाण्यासारखी बसली होती. मासे वर आले, मासे खाली गेले. ऑक्टोपसच्या पानावर एका मुलाने विचारलं, "घरी कधी जायचं?" दुसऱ्याला जांभई आली, ती पाहून रांगेने सगळ्यांना आली.

पुस्तक मिटलं. एकही हात तुटला नव्हता. बाईंनी वन्संकडे विजयाने पाहिलं.

"सरक जरा," वन्सं म्हणाल्या.

त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. सरळ सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि पुस्तक जमिनीवर ठेवलं. हात मागे घ्या म्हणाल्या नाहीत, पुढे घ्या म्हणाल्या नाहीत. मुलं आपोआप सरकत सरकत भोवती आली. वन्संनी ऑक्टोपसचं पान हळूहळू उघडलं. आधी डोकं वर आलं, मग मागचे हात पसरले आणि शेवटी तो पुढचा हात, तळाशी दुमडलेला, उलगडत उलगडत वर आला आणि टोकाशी किंचित वळून मुलांच्या दिशेने थांबला.

पुढे बसलेल्या एका मुलीने एक क्षणही विचार केला नाही. तिने तो हात धरला आणि वरखाली हलवला.

"मी मोठ्या गटात आहे," तिने ऑक्टोपसला सांगितलं.

घडीबाई वाकून बघायला लागल्या.

मग सगळ्यांनाच हात मिळवायचा होता. ढकलाढकली झाली, रांग लागली. एकाने ऑक्टोपसला विचारलं, त्याची आई कुठे आहे. एकाने सांगितलं, आमच्याकडे मांजर आहे पण ती तुला काही करणार नाही. आणि मग एक गोबरा, गंभीर चेहऱ्याचा मुलगा आला. त्याने हात धरला, मिळवला, पण सोडला नाही. "चल ना आमच्याकडे," तो म्हणाला आणि पाहुण्याला ओढतात तसं त्याने ऑक्टोपसला ओढलं.

चर्र.

मुलाच्या मुठीत हात, हाताला लोंबणारा पानाचा तुकडा. त्याने आधी हाताकडे पाहिलं, मग घडीबाईंकडे. मग बोट थुंकीने ओलं करून तो तुकडा परत चिकटवायला लागला. तो चिकटेना. त्याचा ओठ थरथरला.

"रडायचं काही काम नाही!" घडीबाई म्हणाल्या. त्यांना धीर द्यायचा होता, पण आवाज रोजचाच निघाला. मुलाने भोकाड पसरलं, आणि त्याचं बघून आणखी दोघांनी.

वन्संनी त्याला मांडीवर घेतलं. घडीबाई बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता, पण मुलांवर नव्हे. तो ऑक्टोपस हात पुढे करत होता. अगदी समोरच्याचा हात येईल तिथे, तेवढ्याच उंचीवर, शेकहँडला करावा तसा. आणि तो तसा पुढे करायला कोणी लावला होता? त्यांनीच. घडीचा कोन तिथे तसा सोयीचा पडत होता, म्हणून. मोठ्या माणसाने हात पुढे केला तर आपण धरतो, नाही धरला तर लोक उद्धट म्हणतात. आणि मुलांनी धरला तर त्यांना आपण इतके दिवस रानटी म्हणत होतो!

त्याच वेळी त्यांना एक जुनी गोष्ट आठवली आणि आणखी चीड आली. ऑक्टोपसचा पहिला नमुना त्यांनी नवऱ्याला दाखवला होता. तेव्हा तो आजारी होता, पाठीला उशी घेऊन बसायचा. त्याने नेहमीसारखं दोन बोटांनी पान उघडलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा कोणाला बोलावतोय?" बाई म्हणाल्या होत्या, "कोणाला नाही. घडीचा कोन आहे तो."

"मला तेव्हाच कळायला हवं होतं," रस्त्याने घरी जाताना त्या वन्संना म्हणाल्या. "ह्यांनी विचारलं होतं."

"मग त्याने नीट सांगायचं ना!" वन्सं म्हणाल्या. "कोड्यात बोलायची सवय तुझ्या नवऱ्याला."

वन्संची ही जुनी रीत. काही चांगलं असलं की 'माझा भाऊ', चुकलं की 'तुझा नवरा'.

त्यानंतरचे दिवस घडीबाईंनी स्वयंपाकघराच्या टेबलावर काढले. ऑफिसात मालकांच्या कल्पना अंगावर यायच्या, म्हणून त्यांनी सामान घरी आणलं. एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं झालं होतं, की हात ओढला जाणारच. तर मग तो ओढण्यासाठीच करायचा. हात पानाला चिकटवायचाच नाही. पानाला चीर द्यायची, चिरेतून हात बाहेर, आणि पानाच्या पोटात त्याला जोडलेली एक सरकपट्टी. ओढला की यायचा, पुस्तक मिटलं की मागे जायचा. सांगायला सोपं. पण पहिल्या नमुन्यातला हात बाहेर आला तो आत गेलाच नाही, पुस्तक मिटताना त्याचा चोळामोळा झाला. दुसरा गेला तो परत आला नाही. तिसऱ्याने चिरेच्या कोपऱ्यावर स्वतःलाच कापून घेतलं.

आणि प्रत्येक नमुना तपासायला वन्सं हजर.

"मी चार वर्षांची आहे असं समज," त्या म्हणत आणि हात धरून असा हिसडा देत, की सरकपट्टी टेबलाखाली जाऊन पडायची.

"वन्सं! चार वर्षांचं मूल एवढं ओढत नाही!"

"ओढतं. तुला काय माहीत? दोन हातांनी ओढतं, पाय लावून ओढतं."

"पायसुद्धा लावणार आहात का आता?"

वन्संनी खरंच पाय लावला. पुस्तकाचा पुठ्ठा टाचेखाली दाबला, ऑक्टोपसचा हात दोन्ही मुठींत धरला आणि ओढला. अख्खा ऑक्टोपस निघून आला. वन्सं तोल जाऊन मागच्या खुर्चीत बसल्या, हातात आठ हातांचं चुरगळलेलं गाठोडं, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की घडीबाईंचा संयम सुटला.

"तुम्हाला मजा वाटतेय!"

"हो, वाटतेय," वन्सं म्हणाल्या. "जन्मभर मुलांना सांगितलं, फाडू नका. मला कधी कोणी फाडायला दिलं का?"

घडीबाई खाली बसून कागदाचे तुकडे गोळा करता करता म्हणाल्या, "इतकी पुस्तकं केली मी. सगळी ह्यांनी तपासली. एकदाही त्यांनी काही ओढून पाहिलं नाही. दोन बोटांनी उघडायचं, छान म्हणायचं आणि दोन बोटांनी मिटायचं."

"तुझ्या नवऱ्याने आयुष्यात काही ओढून पाहिलंय का? लहानपणी दाराची कडी घट्ट बसली तर तो दारापाशी उभा राहायचा. कोणीतरी येईल, उघडेल म्हणून. मीच यायचे दर वेळी." वन्संनी हातातलं गाठोडं उगाच सरळ केलं. "पण एक खेळणं कधी मोडलं नाही त्याने. माझ्या भावाने. त्याची सगळी खेळणी शेवटपर्यंत जशीच्या तशी. माझीच मोडायची, मग तो स्वतःची मला द्यायचा."

घडीबाई हसल्या. मग हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला. वन्संनी हात धुतलेस का असंही विचारलं नाही. थोड्या वेळाने उठून त्यांनी चहाचं आधण ठेवलं, आणि साखर दुप्पट पडली तरी दोघींनी तो मुकाट्याने प्यायला.

मार्ग निघाला तो फितीने. कागदाच्या सरकपट्टीऐवजी बाईंनी कापडी फीत घातली, चिरेचे कोपरे गोल केले आणि हात एकदम अडण्याऐवजी शेवटी शेवटी जड होत जाईल असा फितीला चुणीसारखा ताण दिला. आणि फितीच्या दुसऱ्या टोकाला जोडला ऑक्टोपसचा डोळा. आता हात ओढला की तो वीतभर बाहेर यायचा आणि त्याच वेळी डोळा वळून ओढणाऱ्याकडे बघायचा.

वन्संनी ओढला. डोळा वळला. वन्संनी हात सोडून दिला.

"का सोडलात?" घडीबाईंनी विचारलं. "ओढा की. पाय लावा."

"आता कशाला ओढू? बघितलं ना त्याने," वन्सं म्हणाल्या.

मालकांना नमुना दाखवला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ ओढला-सोडला आणि बाईंना वाटलं, निदान आज तरी हा माणूस नुसतं 'छान' म्हणेल. मालक म्हणाले, "बाई, आठही हात असे करता येतील?"

"येतील," बाई म्हणाल्या. "तुम्ही करा, मी शिकवते."

विषय तिथेच मिटला. पुढे छपाईला उशीर झाला, फीत चुकीच्या रंगाची आली, जुळवणाऱ्या बायकांनी चुणी घालायला नकार दिला आणि बाईंना त्यांच्या हातापाया पडावं लागलं. पण पुस्तक झालं. ऑक्टोपस मुलांशी हात मिळवायला लागला, आणि परत येणारे गठ्ठे बंद झाले. विक्रीचे गृहस्थ जिथे तिथे सांगत सुटले, की मुलांनी ओढावं ही कल्पना त्यांना स्टिकर छापतानाच सुचली होती. बाईंनी ते ऐकलं आणि पुढे बरेच दिवस त्यांच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

असे काही महिने सुखाचे गेले. मग एका सकाळी टेबलावर पुन्हा गठ्ठा. ऑक्टोपस सगळ्यांत ठणठणीत. पण शेवटच्या पानावर, अगदी तळाच्या अंधारात, डोक्यावर दिवा घेऊन फिरणारा जो मासा होता, त्याचा दिवा गायब. एकूणएक पुस्तकांत.

"अरे देवा," घडीबाई म्हणाल्या. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, एक धड पुस्तक पिशवीत घातलं, नुकतीच खुंटीला अडकवलेली पर्स परत खांद्याला लावली आणि कोणाला काही न सांगता त्या बाहेर पडल्या.

घरी परतल्या तेव्हा वन्सं दारातच उभ्या होत्या.

"ऑफिसातून फोन आला होता. तू तिथे नव्हतीस. कुठे होतीस?"

"शाळेत."

"कुठल्या?"

"तुमच्या."

वन्संचा चेहरा पडला. "मला न सांगता? माझ्या शाळेत?"

"विचारलं असतं तर तुम्ही आला असतात," घडीबाई म्हणाल्या, "आणि मला काही बघू दिलं नसतंत."

वन्सं तरातरा आत गेल्या. भांड्यांचा आवाज सुरू झाला. नुसत्या आवाजावरून कळत होतं, की आज जेवायला वाढतील पण बोलणार नाहीत. घडीबाई टेबलापाशी बसल्या, पिशवीतून पुस्तक काढलं, नवा कागद कापला, गोंद लावला आणि भिंतीला सांगावं तसं म्हणाल्या, "फुंकर मारतात."

भांडी थांबली.

"दिव्यावर. सगळी ओळीने फुंकर मारतात. त्यांना तो विझवायचा असतो. दोन-तीनदा फुंकून बघतात, आणि विझला नाही की मग उपटतात. मी हात मागे घ्या म्हटलं नाही. खाली सतरंजीवर बसले होते."

वन्सं पदर खोचलेल्याच बाहेर आल्या. अजून रागात होत्या, पण आल्या. "मग विझायला हवा ना तो!"

"तेच तर म्हणतेय मी."

"फुंकर मारली की मागे पडेल असा कर. पातळ कागदाचा. बघू इकडे. ही पट्टी तू उलट्या बाजूला लावली आहेस."

"उलटी नाही ती. वन्सं, हात लावू नका, गोंद ओला आहे. वन्सं!"

पण वन्संनी हात लावला होता. मासा त्यांच्या बोटांना चिकटून वर आला आणि दिवा खाली राहिला. घडीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, आणि त्या हातालाही गोंद होता.